तेलाच्या डब्यापासून झाडापर्यंत

2022च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला. त्या पिशवीत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पाम तेल होते. साखरेचा माग काढायचा म्हटला तर तो एखाद्या कारखान्यापर्यंत आणि तिथून उसाच्या फडापर्यंत नेता येईल. तेलाचा माग बंदरावरच्या टाकीपर्यंत सहज लागतो. पुढे समुद्र आहे, आणि अवघड काम त्याच्या पलीकडे आहे.

पाम तेलाच्या आयातीत भारताचा जगात पहिला क्रमांक लागतो. ही आयात वर्षाला 75 लाख ते एक कोटी टनांच्या दरम्यान असते. त्यातले बहुतेक तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, कारण जगातले सुमारे 85 टक्के पाम तेल याच दोन देशांत निघते. आपल्याकडे ते पामोलिन म्हणून कढईत पडते, वनस्पती तुपात जाते, खारी-टोस्ट-बिस्किटांत जाते आणि साबण-शाम्पूंत भलत्याच रासायनिक नावांनी जाते. या तेलासाठी सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरची फार मोठी जंगले तुटली. सोबत पीटची जमीनही गेली. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या वनस्पतींचा जाड थर. चर खणून त्यातले पाणी काढले की पाम तेल देणारा तेलताड लावता येतो, पण वाळलेला पीट एकदा पेटला की आत धुमसतच राहतो. जून 2013मध्ये या आगींच्या धुराने सिंगापूरची हवा श्वास घेण्याजोगी राहिली नाही. 2015मध्ये इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली.

त्या धुराच्याच वर्षी, डिसेंबर 2013मध्ये, विल्मर या सिंगापूरच्या कंपनीने एक धोरण जाहीर केले. अदानींच्या भागीदारीत आपल्याकडे ‘फॉर्च्युन’ तेल ज्या कंपनीने आणले, ती हीच विल्मर. जगातल्या पाम तेलाच्या व्यापारापैकी सुमारे 45 टक्के तेव्हा तिच्या हातातून जात होता. धोरणात तीन गोष्टी होत्या: जंगलतोड नाही, पीटवर लागवड नाही, माणसांचे शोषण नाही. आणि हे फक्त स्वतःच्या मळ्यांपुरते नव्हते, ज्यांच्याकडून तेल विकत घेतले जाईल त्या सर्वांना ते लागू होते. पुढच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या व्यापारी आणि रिफायनरी कंपन्यांनी अशीच धोरणे काढली. धोरण लिहायला चार पाने पुरतात. ते तेलाच्या टँकरला लागू कसे करायचे, हे खरे काम.

त्याआधी एका सोप्या उत्तराचा निकाल लावू. पाम तेल वापरणेच बंद का करू नये? तेलताड हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. तेवढेच तेल सोयाबीनमधून काढायचे तर सहापट जमीन लागेल, आणि ती जमीन ब्राझीलमध्ये कुठून येते हेही जगाने पाहिले आहे. बहिष्काराने जंगल वाचत नाही, तोडीची जागा तेवढी बदलते.

समजा, सांगलीत फरसाणाचा एक मध्यम कारखाना आहे. युरोपातला एक दुकानदार त्याचा शेव-चिवडा घ्यायला तयार आहे, पण तेलामागे जंगलतोड नसल्याचा पुरावा त्याला हवा आहे. कारखान्याला पहिला शोध स्वतःच्या गोदामात घ्यावा लागतो. पाम कुठे कुठे आहे? तळणीच्या तेलात आहे हे माहीत असते. पण मसाल्यातल्या पावडरीत, बेकरीकडून येणाऱ्या खारीत, इमल्सिफायरमध्येही ते असते, आणि तिथे लेबलवर नुसते ‘वनस्पती तेल’ किंवा एखादा क्रमांक लिहिलेला असतो. ही यादी करताना अनेकांना पहिल्यांदाच कळते की आपण समजतो त्याहून बरेच जास्त पाम विकत घेतो.

मग पुरवठादाराला विचारायचे: हे तेल कोणत्या रिफायनरीचे, आणि त्या रिफायनरीकडे कोणत्या गिरण्यांतून कच्चे तेल येते? सगळी साखळी जिथे हाताला लागते ती जागा म्हणजे ही गिरणी, आणि त्याचे कारण झाडाच्या स्वभावात आहे. तेलताडाचा घड तोडला की फळातली विकरे तेलाचे विघटन करू लागतात आणि आम्लता वाढते. म्हणून घड एक-दोन दिवसांच्या आत वाफेवर शिजवावे लागतात. ऊस तोडल्यावर गव्हाणीत पडायला उशीर झाला की उतारा घसरतो, तसाच हा प्रकार, फक्त घाई जास्त. त्यामुळे घड फार लांबून येऊ शकत नाहीत, गिरणी मळ्यांच्या मधोमधच असावी लागते. नकाशावर गिरणीभोवती पन्नासेक किलोमीटरचे वर्तुळ काढले की तिला माल देणारे बहुतेक मळे त्यात सापडतात. गिरणीतून तेल बाहेर पडले की मात्र ते टँकरमध्ये, किनाऱ्यावरच्या टाकीत, मग जहाजात दुसऱ्या तेलांत मिसळत जाते आणि त्याची ओळख पुसली जाते. इंडोनेशियात अशा हजारांहून अधिक गिरण्या आहेत. जागतिक पातळीवर त्यांची नावे आणि ठिकाणे सांगणारी सामाईक यादीही तयार झाली आहे. म्हणून ‘गिरणीपर्यंतचा माग’ आज बहुतेक मोठ्या कंपन्यांना देता येतो आणि त्याचे शेकड्यातले आकडे त्या अभिमानाने छापतात.

पण गिरणी कळली म्हणजे शेत कळले असे नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे.

थोडे गणित करून पाहा. ताशी 45 टन घड शिजवणारी गिरणी ही मध्यम आकाराची. ती वर्षभर नीट चालवायची तर सुमारे दोन लाख टन घड लागतात. हेक्टरी 16 ते 20 टन घड निघतात असे धरले तर हे दहा-बारा हजार हेक्टरांचे पीक झाले. आता गिरणीच्या मालकाचा स्वतःचा मळा चार हजार हेक्टरांचा असेल, तर उरलेले घड कुणाचे? घडाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा कच्चे तेल निघते. त्यामुळे गिरणीने विकलेले तेल आणि तिने दाखवलेले शेतांचे क्षेत्र समोरासमोर ठेवले की फरक लगेच डोळ्यात भरतो. चांगला लेखापरीक्षक गिरणीत गेल्यावर प्रमाणपत्रांच्या चौकटी बघत बसत नाही, आधी वजनकाट्याची वही मागतो.

वहीत घड आणणारा म्हणून बहुतेकदा अडत्याचे नाव सापडते. सुमात्रात त्याला ‘टोके’ म्हणतात. तो दहा-वीस शेतकऱ्यांचे घड एका ट्रकमध्ये भरतो, शेतकऱ्याला उचल देतो, खत उधारीवर देतो, लग्नाकार्याला पैसे पुरवतो. त्याच्या ट्रकमध्ये कुठले घड कुठून आले, हे त्याला माहीत असते, पण ते सांगण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. रियाऊ प्रांतातल्या तेसो निलो राष्ट्रीय उद्यानात हेच घडले. हत्ती आणि वाघांसाठी राखलेल्या 80 हजारांहून अधिक हेक्टरांपैकी मोठा भाग बेकायदा तेलताडाखाली गेला. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने 2013 साली उद्यानातून निघणाऱ्या ट्रकांचा पाठलाग करून ते घड भोवतालच्या गिरण्यांत कसे पोहोचतात, हे दाखवून दिले. त्या गिरण्यांचे तेल नामांकित कंपन्यांच्या साखळीत मिसळत होते. अडत्याला वगळून माग लागत नाही. म्हणून जिथे काम नीट झाले आहे तिथे त्याला चोर न ठरवता नोंद ठेवणारा भागीदार करून घेतले आहे: शेतकऱ्यांची यादी दे, शेतांचे ठिकाण दे, त्याबदल्यात गिरणीशी पक्का करार आणि वेळेवर पैसे घे.

शेत सापडले. आता तिथे पूर्वी जंगल होते का? उत्तर देण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, जंगल कशाला म्हणायचे आणि पूर्वी म्हणजे कधी.

सरकारी कागद पहिल्या प्रश्नाला पुरत नाही. इंडोनेशियात दफ्तरी ‘वनक्षेत्र’ म्हणून नोंदलेल्या जमिनीवर जुनी गावे आहेत, आणि दफ्तरी शेतीसाठी मोकळ्या ठरवलेल्या जमिनीवर घनदाट झाडी उभी आहे. विदर्भातल्या झुडपी जंगलाचा घोळ ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून या धंद्याने स्वतःची मोजपट्टी तयार केली. ‘हाय कार्बन स्टॉक’ या पद्धतीत उपग्रहाच्या चित्रावरून आणि प्रत्यक्ष जागेवर झाडांची मोजणी करून जमिनीचे सहा वर्ग पाडतात: दाट, मध्यम आणि विरळ जंगल, नव्याने वाढणारे कोवळे जंगल, झुडपे आणि मोकळी जमीन. पहिल्या चारांना हात लावायचा नाही. याशिवाय दुर्मीळ प्राण्यांचा अधिवास, पाण्याचे उगम, लोकांची देवस्थाने, जिथून गाव मध-वेत-औषधे आणते अशा जागा वेगळ्या काढाव्या लागतात. आणि जमीन कुणाच्या वहिवाटीची असेल तर त्या लोकांची संमती आधी, मोकळेपणाने आणि सगळी माहिती देऊन घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न तारखेचा. तारीख ठरवली नाही तर आज तोड करून उद्या ‘इथे जंगल नाही’ म्हणता येते. तारीख पुढची ठेवली तर तोवर कुऱ्हाडी जोरात चालतात. म्हणून ती नेहमी मागची असावी लागते. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी 2006 साली असेच ठरवले: जुलै 2006 नंतर तोडलेल्या अमेझॉनच्या जमिनीवरचे सोयाबीन घ्यायचे नाही. पुढे ती तारीख जुलै 2008 झाली. अमेझॉनमध्ये त्याचा चांगला परिणाम दिसला, पण शेजारचा सेराडो हा सवाना-जंगलाचा प्रदेश कराराबाहेर होता. पाम तेलात बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात 31 डिसेंबर 2015 ही तारीख आहे, आरएसपीओ या प्रमाणन संस्थेची नोव्हेंबर 2018, आणि युरोपीय संघाच्या कायद्याची 31 डिसेंबर 2020. त्यामुळे एकच शेत एका गिऱ्हाइकासाठी चोख आणि दुसऱ्यासाठी बाद ठरू शकते. सांगलीच्या कारखान्याने आपल्या खरेदीच्या करारात कोणती तारीख धरली आहे, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

देखरेख आता बरीच सोपी झाली आहे. विषुववृत्तावर वर्षातले कितीतरी दिवस ढग असतात, त्यामुळे साध्या उपग्रह-चित्रांत तोड दिसायला महिने लागायचे. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाचे रडार ढगांच्या आरपार पाहते. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाने त्यावर आधारित सूचनायंत्रणा तयार केली आणि तिला पाम तेलातल्या मोठ्या कंपन्यांनीच पैसे दिले. गिरणीच्या वर्तुळात झाडी कमी झाली की काही दिवसांत-आठवड्यांत ठिपका दिसतो. मात्र ठिपक्यावरून तोड कुणी केली हे कळत नाही. जुनी बाग काढून नवी लावली तरी ठिपका उमटतो, वादळाने झाडे पडली तरीही. शेवटी कुणीतरी मोटारसायकलवरून तिथे जाऊन बघावे लागते.

आणि तोड खरी निघाली तर? सवयीचे उत्तर ‘खरेदी बंद’. कंपनीच्या वार्षिक अहवालात ते शोभून दिसते. पण ज्या गिरणीला एका गिऱ्हाइकाने नाकारले, तिचे तेल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाते, ज्याला असले प्रश्न पडत नाहीत. अशी न विचारणारी गिऱ्हाइके भारतात भरपूर आहेत. आपला देश मोठा, दराला हळवा आणि पुरावा न मागणारा बाजार असल्यामुळे युरोपने नाकारलेल्या मालाला इथे वाट मिळते. तेव्हा खरेदी थांबवण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा परत येण्याच्या अटी सोबत लिहून दिलेल्या असतात: तोड ताबडतोब थांबवा, किती क्षेत्र गेले ते मोजा, तितक्याच क्षेत्रावर जंगल परत वाढवण्याची योजना द्या, मग वर्षभराने पुन्हा बोलू. तक्रारींची अशी नोंदवही काही कंपन्या जाहीर ठेवतात. कुणावर आरोप झाला, कधी विचारणा केली, काय उत्तर आले, पुढे काय ठरले हे सगळे त्यात असते. एखाद्या पुरवठादाराची पारख करायची असेल तर मी त्याच्या धोरणाआधी ही वही वाचेन. कोरी वही सर्वांत संशयास्पद.

प्रमाणपत्राचे काय, असा प्रश्न इथवर येता येता पडला असेल. आरएसपीओची स्थापना 2004 साली झाली आणि जगातल्या पाम तेलापैकी साधारण पाचवा हिस्सा आज तिच्याकडून प्रमाणित आहे. पण ‘प्रमाणित’ म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिल्या प्रकारात तेल एकाच ओळखीच्या गिरणीचे असते आणि शेवटपर्यंत वेगळे ठेवतात. दुसऱ्यात अनेक प्रमाणित गिरण्यांचे तेल एकत्र होते, बाहेरचे मिसळत नाही. तिसऱ्यात, ज्याला ‘मास बॅलन्स’ म्हणतात, प्रमाणित आणि साधे तेल एकाच टाकीत जाते आणि हिशेब कागदावर ठेवतात: शंभर टन प्रमाणित तेल आत आले तर शंभर टनच त्या नावाने विकता येते. चौथ्यात तेल कुठलेही असो, कंपनी प्रमाणित उत्पादकाकडून तेवढ्या टनांची नुसती पत घेते. आपल्या शेवेत पडलेला थेंब कुठून आला, हे शेवटच्या दोन प्रकारांत कुणीच सांगू शकत नाही. युरोपच्या नव्या कायद्याला म्हणूनच मास बॅलन्स चालत नाही. तरीही मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. वेगळी टाकी, वेगळा टँकर, वेगळे जहाज यांचा खर्च छोट्या कारखान्याला पेलत नाही, आणि मास बॅलन्सचे पैसे निदान चांगल्या मळ्याकडे जातात. फक्त पाकिटावर दावा करताना शब्द जपून वापरायला हवेत.

युरोपचा हा कायदा 2023चा. त्यात सात जिनसा आहेत: गुरे, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड. त्यांच्यापासून बनलेल्या ठरावीक वस्तूंनाही तो लागू आहे. अंमलबजावणी एकापेक्षा अधिक वेळा पुढे ढकलली गेली, तरी त्याचे मागणे स्पष्ट आहे. माल ज्या तुकड्यावर पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्या. तुकडा चार हेक्टरांहून मोठा असेल तर पूर्ण हद्द, लहान असेल तर एक बिंदू पुरतो. कॉफीमुळे हा कायदा कोडगू-चिकमगळूरच्या बागांपर्यंत पोहोचला आहे. रबर आपल्याही जवळचे: सिंधुदुर्गात दोडामार्गाच्या डोंगरांवर रबर आणि अननसासाठी झाडी कशी गेली, हे तिथल्या कुणालाही विचारावे.

इंडोनेशियातल्या तेलताडाच्या क्षेत्रापैकी सुमारे 40 टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, अनेकांकडे दोन-तीन हेक्टर. मोठ्या मळ्याकडे सर्वेक्षक असतो, वकील असतो. या शेतकऱ्याकडे बहुधा गावप्रमुखाने लिहून दिलेला जमिनीचा कागद असतो आणि तो सातबाऱ्याइतका पक्का नसतो. गिरणीने उद्यापासून पुरावा मागितला, की सर्वांत आधी हाच बाहेर फेकला जातो, त्याने एकही झाड तोडलेले नसले तरी. मग तो घड बेनामी अडत्याला कमी दराने देतो आणि साखळी होती त्याहून अंधारात जाते. म्हणून एकेका गिरणीऐवजी अख्खा जिल्हा हाती घ्यायची पद्धत रुजते आहे. रियाऊमधल्या सियाक आणि पेलालावान या जिल्ह्यांत अनेक खरेदीदार कंपन्या एकत्र येऊन हे करत आहेत. शेतांची मोजणी, जमिनीचे कागद, शेतकऱ्यांचे गट यांचा खर्च एकट्या गिरणीवर पडत नाही, आणि एकाने नाकारलेला माल शेजारच्याने उचलायची पळवाटही अरुंद होते.

आता सांगलीला परत येऊ. वर्षाला दोन-चारशे टन तेल घेणारा कारखाना सुमात्रात माणूस पाठवू शकत नाही, आणि त्याने पाठवावाही कशाला? खरेदीच्या ऑर्डरवर तो दोन ओळी वाढवू शकतो: प्रत्येक खेपेसोबत गिरण्यांची यादी हवी आणि तारखेची अट मान्य असल्याचे लेखी हवे. एकट्याचे रिफायनरी ऐकणार नाही. पंधरा कारखान्यांनी मिळून एकाच नमुन्यात मागितले तर ऐकेल. 2018 साली भारतात शाश्वत पाम तेलासाठी खरेदीदार आणि पर्यावरण संस्थांची एक आघाडी स्थापन झाली ती याच विचाराने. कंपनीच्या आतला अडथळा वेगळाच असतो. खरेदी विभागाचा बोनस डब्यामागे वाचवलेल्या रुपयांवर ठरतो, आणि पर्यावरणाचे धोरण दुसऱ्याच मजल्यावर लिहिले जाते. डब्यामागे थोडे जास्त मोजायची मुभा खरेदी अधिकाऱ्याला लेखी दिलेली नसेल, तर तो स्वस्त टँकरच घेणार. त्याला दोष कसा द्यायचा?

जास्तीचे पैसे नेमके कुठे लागतात, याचे सर्वांत चांगले उत्तर बागेच्या वयात आहे. तेलताड लावल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ धरतो. पंचवीस वर्षांनी तो इतका उंच होतो की घड काढणे परवडत नाही, उत्पन्नही घटते. जुनी झाडे पाडून नवी लावायची तर मधली तीन वर्षे हातात पैसा नाही. अशा वेळी शेतकऱ्याला शेजारचे जंगल साफ करून तिथे रोपे लावणे आणि तोवर जुन्या झाडांवर गुजराण करणे सोपे वाटते. पुनर्लागवडीचे कर्ज, चांगल्या जातीची रोपे आणि त्या तीन वर्षांत ओळींमध्ये मका-मिरची घेण्याची सोय आधी झालेली असेल, तर तोच जुना तुकडा पुन्हा लागतो. सुमात्रात 1990च्या दशकात सरकारी योजनांतून लावलेल्या बागा आता याच वयाला आल्या आहेत.